बेगमसाठी एक डावी चप्पल

मिस्त्री लोक वाढवून बोलतात असा आमच्यावर आरोप आहे. तो खरा आहे. मी चाळीस वर्षं झरीला रस्त्याच्या कडेला गॅरेज चालवलं, आणि त्यात जेवढ्या गाड्या दुरुस्त केल्या असं मी सांगतो तेवढ्या गाड्या परभणी जिल्ह्यात अजून आलेल्याच नाहीत, असं आमच्याच घरात बोललं जातं. पण पुढं जे सांगणार आहे त्यात वाढवलेलं फार थोडं आहे, आणि जिथं वाढवलंय तिथं तुमच्या लक्षात येईलच. नाही आलं तर माझं काम चांगलं झालं असं समजा. जोड दिसू नये, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम.

दुसरा नियम झिजेचा. लोकांना वाटतं गाड्या मोडतात. मोडणाऱ्या गाड्या थोड्या, त्या अपघाताच्या. बाकीच्या सगळ्या झिजतात. लोखंडावर लोखंड घासलं की दोन्ही संपतात, म्हणून दोघांच्या मधे एक मऊ माणूस घालावा लागतो. त्या मऊ माणसाला आम्ही बुश म्हणतो. बांगडीसारखं पितळेचं कडं असतं, कधी रबराचं. स्वतः झिजायचं आणि दोन्ही बाजूंच्या लोखंडाला वाचवायचं, एवढंच त्याचं काम. ते झिजलं की मधे फट पडते, दांडा हलायला लागतो, गाडी बोलायला लागते. त्या फटीला आम्ही ‘खेळ’ म्हणतो. खेळ किती आलाय हे शोधायला आता यंत्रं निघालीत. मी अंगठा लावून सांगायचो. डोक्याच्या केसाएवढा खेळ तर कुणीही सांगेल. माझ्या अंगठ्याला मिशीचा केस आणि भुवईचा केस यातला फरक कळायचा.

आणि तिसरा नियम, जो नव्या पोरांनी सोडून दिला: पार्ट बदलला की जुना पार्ट कागदात बांधून गिऱ्हाईकाच्या हातात द्यायचा. हे बघा, हा काढला, हा असा झिजला होता, म्हणून नवा घातला. मिस्त्रीची इज्जत त्या पुडीत असते. माझं एक गिऱ्हाईक होतं, ट्रॅक्टरवालं. तो या पुड्या घरी नेऊन साठवायचा. मला वाटलं, हिशेबाचा माणूस आहे. एकदा त्याच्या शेतात गेलो तर ज्वारीत सगळीकडं बांबू रोवलेले आणि त्यांवर माझे चाळीस वर्षांचे पार्ट टांगलेले. वारा आला की खणखणाट. पाखरं जिंतूरपर्यंत फिरकत नव्हती. मला बघून म्हणाला, “मिस्त्री, बरं झालं आलाव. आणखी काईतरी बदला की. हरभऱ्याला कमी पडायलेत.”

तर असा मी माणूस. गुडघे कुरकुरायला लागले, हाताला बारीक कंप आला, तेव्हा गॅरेज बंद केलं. पाने तेलाच्या फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवले आणि ओसरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकून त्यांचे रोग मोठ्यानं सांगायला लागलो. आमची शांता म्हणायची, “आवो, त्यांनी इचारलंय का तुमाला?”

अशा वेळी गायकवाड सर आले.

गायकवाड सर परभणीच्या कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेले. हळू बोलणारे, चष्मा पुसून पुसून विचार करणारे. आमच्या ओसरीवर बसले, चहा घेतला, चष्मा पुसला आणि म्हणाले, “मिस्त्री, एक गाडी आहे. जुनी आहे.”

“किती जुनी?”

“निजामाच्या राज्यात आली होती.”

मी कप खाली ठेवला.

गाडीची गोष्ट अशी. बोरीला एक मोठे बागायतदार होते. त्यांनी हैदराबादहून ही विलायती मोटार आणली. तिच्यावर पंचवीस वर्षं जो ड्रायव्हर होता तो म्हणजे सरांचे वडील, किसनबाबा. मालकाला मागं बसवून बाबांनी ती हैदराबादपर्यंत नेली, वऱ्हाडात नेली, वरातीत नेली. पुढं मालकाचं घर बोरीतून हललं, गाडी एका जिनिंगच्या शेडमधे कापसाच्या गाठींमागं पडून राहिली. शेड पाडायला काढलं तेव्हा सरांना कळलं. त्यांनी ती भंगाराबरोबर उचलून परभणीतल्या आपल्या घरी आणली आणि पोर्चमधे विटांवर उभी केली.

“बाबा एक्क्याण्णव वर्षांचे आहेत,” सर म्हणाले. “पंचवीस वर्षं त्यांनी रोज संध्याकाळी ही गाडी मालकाच्या दारात लावली आणि आमच्या गल्लीत पायी आले. गाडी आमच्या गल्लीत एकदासुद्धा आली नाही. मला बाबांना मागच्या सीटवर बसवून तिथं न्यायचंय. बोरीला, आमच्या दारापर्यंत. पण बाबा आता थकलेत. पुढच्या हिवाळ्याची वाट मी बघू शकत नाही.”

मी शांताकडं बघितलं. तिनं आत जाऊन पेटी ओढत बाहेर आणली. बायकोला झीज कळते. माझी ओसरीवर बसून चाललेली तिला दिसतच होती.

गाडी बघितली आणि मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. कंपनीचं नाव सांगत नाही. सांगितलं की जाणकार लोक पत्रं लिहितात आणि तेलाचा नंबर सांगतात. मी तिचं नाव ‘बेगम’ ठेवलं. बसण्याची ऐट तशीच होती, बाकी काही शिल्लक नव्हतं. गंज इतका, की मी शिंकलो आणि ड्रायव्हरकडचं दार निखळून पडलं. बॉनेटखाली मुंगसाचं घर होतं, नुसतं घर नाही, तीन पिढ्यांचं एकत्र कुटुंब. मागच्या डिकीत सापाची कात निघाली, ती मी अंगणात पसरली तर फाटकापर्यंत गेली. शेजारी म्हणाले दोरी आहे. असू दे.

पोर्चमधे एका बाजूला बाज टाकलेली आणि तिच्यावर किसनबाबा बसलेले. पांढरं धोतर, डोक्याला पांढरा रुमाल, डोळ्यांना फार दिसत नव्हतं, पण मान सारखी आवाजाच्या दिशेला वळायची. मी “जयभीम बाबा” म्हणालो.

“जयभीम. तूच का त्यो झरीचा मिस्त्री?”

“मीच.”

“लय बोलतो म्हणतेत.”

“काम त्याच्याहून जास्त करतो बाबा.”

“बघू,” बाबा म्हणाले.

कॉलनीतली दहा-बारा माणसं फाटकाशी जमली होती. तहसील कार्यालयातले एक निवृत्त कारकून, देशमुख, हात मागं बांधून म्हणाले, “ही काही चालत नाही. हिला बागेत ठेवा, मधे मोगरा लावा.” माझं टाळकं सरकलं. मी मिशीवर हात ठेवला. माझी मिशी तेव्हा, आताही, अशी आहे की पावसात मी छत्री न्यायचं विसरलो तरी खालचा ओठ कोरडा राहतो. म्हणालो, “देशमुखसाहेब, माझ्या पार्टांवर ही गाडी बोरीला पोचली नाही, तर तुमच्या समोर खुर्चीत बसून मिशी काढीन.”

देशमुखांनी मोबाईल काढून ते वाक्य मला पुन्हा म्हणायला लावलं. मी म्हणालो. व्हिडिओ कॉलनीच्या ग्रुपवर गेला. शांतानंही तो बघितला. तिच्या बहिणीनं नांदेडहून पाठवला.

जुनी गाडी घरी बसून दुरुस्त करणं आणि गॅरेजात दुरुस्त करणं यात लग्न आणि वरात यांच्याएवढा फरक आहे. गॅरेजात सगळं हाताशी असतं. घरी प्रत्येक गोष्ट स्वयंपाकघरातून मागावी लागते. सरांच्या पत्नी, सुनंदावहिनी, शाळेत शिक्षिका होत्या, शिस्तीच्या. त्यांनी मला रिकामे डबे दिले आणि प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवली: ‘पुढचं डावं चाक’, ‘वॉल्व्ह’, ‘काय आहे माहीत नाही’. पंधरा दिवसांत शेवटचा डबा सगळ्यात जास्त भरला. मग डबे संपले, वाट्या सुरू झाल्या, मग पातेली. एकदा सर जेवताना थांबले आणि त्यांनी आमटीतून एक वॉशर काढून शांतपणे ताटाच्या कडेला ठेवलं. वहिनी मला म्हणाल्या, “मिस्त्रीभाऊ, हे कुठलं?” मी चाखून सांगितलं, मागच्या ब्रेकचं.

पार्ट कुठून मिळणार? सरांच्या मुलीनं पुण्याहून मोबाईलवर एक पार्ट थेट विलायतेतून मागवला. महिन्यानं खोकं आलं, त्यात दुसऱ्याच कुठल्या गाडीचा आरसा. तेव्हा मी सांगितलं, आता सगळं परभणीत होईल. पिस्टनच्या रिंगा एका बंद पडलेल्या ऑइल इंजिनच्या घासून बसवल्या. गॅस्केट, म्हणजे जोडातून तेल गळू नये म्हणून मधे घालायचं पान, बुचाच्या शीटमधून कात्रीनं कापलं, वहिनींच्या शिवणाच्या कात्रीनं. ते त्यांना आज हे वाचून कळेल. सीटमधे नारळाचा काथ्या आणि वर जिनिंगचाच कापूस. ती गाडी इतकी वर्षं कापसात झोपली होती, तिला दुसरं काही मानवलं नसतं. चाकांच्या किंगपिनांना बुश लागले. किंगपिन म्हणजे ज्या खिळ्यावर पुढचं चाक डावं-उजवं वळतं तो खिळा. तो झिजला की गाडी नवरीसारखी रस्ताभर लाजत चालते.

प्रत्येक पार्ट काढला की मी बाबांच्या हातात द्यायचो. गिऱ्हाईक सर, पण पुडी बाबांना. बाबा अंगठ्यानं चाचपायचे. “हे उजव्या चाकाचं. उजवं लय खायचं. मालक त्याच बाजूनं बसायचे, वजनदार होते.” पुड्या बाजेखाली रचत गेल्या.

आता माझी चूक सांगतो. सांगायची लाज वाटते, म्हणून आधी एवढं सगळं सांगितलं.

बेगमचा गिअरचा दांडा आताच्या गाड्यांसारखा खाली नव्हता, स्टिअरिंगच्या नळीलाच होता. तिथून एक लांब सळई इंजिनाच्या कडेनं खाली जायची आणि गिअर बदलायची. सळईच्या जोडावर कंपनीनं पितळी बुश दिलेला असणार. मी तो जोड खोलला तर आत काय? चामड्याची पट्टी. गुंडाळी करून कोंबलेली, तेल पिऊन काळी ठिक्कर झालेली. उलगडली तर चपलेच्या टाचेचा तुकडा, एका कडेला शिवणीची भोकं.

मला एवढा आनंद झाला. दुसऱ्या मिस्त्रीची चूक सापडणं यापेक्षा गोड आमच्या धंद्यात काही नाही. मी ती पट्टी वर धरली आणि फाटकाशी उभ्या सगळ्यांना दाखवली. “बघा. विलायती मोटारीत कोण्या गाढवानं चप्पल घातलीय. गिअरबॉक्सला पाय फुटतील असं वाटलं असंल त्याला.” देशमुखसुद्धा हसले. मी आणखी दोन-चार वाक्यं जोडली, ती इथं छापता येणार नाहीत.

बाबा बाजेवर बसले होते. त्यांनी विचारलं, “किती दिस टिकली म्हणायची?”

“टिकली असंल पन्नास-साठ वर्षं. पण काम अनाडी.”

“हां,” बाबा म्हणाले आणि मान दुसरीकडं वळवली.

आणि मी, ज्यानं चाळीस वर्षं गिऱ्हाईकाला जुना खिळासुद्धा कागदात बांधून दिला, त्यानं ती पट्टी फाटकाबाहेर भिरकावली. कॉलनीतलं एक कुत्रं ती तोंडात धरून गेलं. सगळे पुन्हा हसले. एवढ्या वर्षांत मोडलेला माझा तो एकच नियम, आणि तो हशासाठी मोडला.

बुश करायला मी पूर्ण्याला गेलो. पूर्ण्याचे सलीमभाई हे लेथवरचे माझे उस्ताद. लोखंडाचा गोळा त्यांच्यापुढं ठेवला की तो आपोआप गोल व्हायचा, असं मी सांगतो आणि ते नाकारत नाहीत. त्यांनी पितळेचा तुकडा लेथला लावला, सळई हातात घेतली, माप घेतलं आणि म्हणाले, “मिस्त्री, थोडी जगह छोडता हूँ.”

“बिलकुल नको. खेळ शून्य पाहिजे. बेगम आहे ती.”

“सुनो तो. पीतल है. गरम हुआ तो फूलेगा. बाहर से लोहा फूलने नहीं देगा, तो अंदरच फूलेगा. सळई पकड लेगा. इतना टाईट नक्को.”

“सलीमभाई, व्हिडिओ झालाय माझा.”

त्यांनी माझ्या मिशीकडं बघितलं, मान हलवली आणि मी सांगितलं तसा बुश केला. सळईवर असा बसला की मधून नजर जाईना. परत येताना रेल्वेत मी तो खिशातून काढून काढून बघत होतो. समोरच्या बाईंनी विचारलं, “सुनेला करायलाव का?”

थंडीच्या दिवसांत बेगम उभी राहिली. पहिल्या हँडलला तिनं शिंक दिली, दुसऱ्याला खोकला, तिसऱ्याला सुरू झाली. धूर इतका निघाला की देशमुख दोन दिवस दिसले नाहीत. आवाज मात्र असा गोड, घरघर नाही, खडखड नाही. बॉनेटवर पाण्यानं भरलेला पेला ठेवला तर पाणी झोपी गेलं. बाबांनी कान दिला. बराच वेळ ऐकलं. म्हणाले, “इंजन झ्याक हाय.” आणि मग, “गिअर घालून बघितलास का गरम झाल्यावर?”

“बाबा, लोण्यात सुरी जावी तसा पडतो.”

“गार हाय आजून,” बाबा म्हणाले. मी ते ऐकलं, पण कानात घेतलं नाही.

रविवारी सकाळी निघालो. मी स्टिअरिंगवर, शेजारी सर, मागच्या सीटवर बाबा आणि वहिनी. मी त्या दिवसासाठी कोल्हापुरी चप्पल नवी कोरी घेतली होती, करकर वाजणारी. देशमुखांना वहिनींनीच आग्रह करून मागून येणाऱ्या रिक्षात बसवलं होतं; साक्षीदार पाहिजे म्हणाल्या.

बाबा बसले तेव्हा दोन मिनिटं हातानं सीट चाचपत होते. मग म्हणाले, “मागं बसून काय दिसतं रे? निस्ती ड्रायव्हरची मान दिसती.”

“कशी आहे मान?” मी विचारलं.

“ताठ हाय. ड्रायव्हरची लय ताठ नसावी.”

परभणी सोडली आणि बेगमनं रस्ता धरला. दोन्हीकडं तूर उभी, वेचणीचा कापूस, मोटारसायकलवाली पोरं शेजारून जाताना मोबाईल धरायची. ट्रकवाले हॉर्न वाजवून सलाम करत होते. झरी आली. माझं बंद गॅरेज आलं आणि त्याच्या पायरीवर शांता उभी. मी हात केला नाही. राजे लोक हात करत नाहीत, मान हलवतात. तशी हलवली.

झरीच्या पुढं मेंढरांचा कळप आडवा आला. दोन-तीनशे असतील, माझ्या मते दोन हजार. मी बेगमला थांबवलं, गिअर काढून न्यूट्रल केला. इंजिन चालूच. मेंढरं गेली, धनगर गेला, कुत्रं गेलं. मी क्लच दाबला, दांडा ओढला.

दांडा हलला नाही.

दुसऱ्यांदा ओढला. दोन्ही हातांनी ओढला. दांडा अगदी भिंतीत गाडलेल्या खुंटीसारखा. सर माझ्याकडं बघायला लागले आणि चष्मा पुसायला लागले. मागून रिक्षा येऊन थांबली आणि देशमुख खाली उतरले. घाई न करता.

मिशीचं मला काही वाटलं नाही, असं म्हणालो तर ते खोटं होईल. पण मिशी पुन्हा येते. मागं जो माणूस बसला होता त्याला त्याच्या गल्लीत जायचं होतं, आणि पुढच्या हिवाळ्याचा भरवसा नव्हता. आता त्याला या रिक्षात बसवून न्यायचं? बेगम रस्त्यावर आणि ते रिक्षात?

मागून बाबांचा आवाज आला, शांत. “पितळ घातलंस का?”

“हां बाबा.”

“तापलं. सायलेन्सरचा पाईप बाजूनंच जातो. पितळ फुगलं, सळई धरली. आता अर्धा घंटा थांबलास तर गार हुईल, सुटंल. पुढं दोन कोसावर परत धरंल.” मग म्हणाले, “मिस्त्री, त्यो गाढव मीच.”

सरांनासुद्धा हे माहीत नव्हतं, हे त्यांच्या तोंडावरून दिसत होतं.

“तीन डाव पितळ बसवलं मी,” बाबा सांगायला लागले. “हैदराबादहून मागवलेलं. तिन्ही डाव धरलं. तिसऱ्या डावाला मालकाच्या लेकाची वरात होती. वरात थांबली, नवरदेव उतरून पायी गेला. मालक मला काय काय बोलले ते सांगत न्हाई. त्या दिशी पायातली चप्पल कापली. चामडं तापलं तर दबतं, फुगत न्हाई. तवापासून गिअरनं कधी धरलं न्हाई.”

“बाबा, मग पोर्चमधे सांगितलं का नाही?” मी विचारलं.

“तू इचारलंस व्हय? तू तर सांगायलतास. मी आईकायलतो.” मग त्यांचा आवाज जरा मऊ झाला. “मला वाटलं, इतकी वर्षं झाली, आता पितळ सुधारलं आसंल.”

मी खाली उतरलो. चाळीस वर्षांत पहिल्यांदा पाना हातात घेताना माझी मान खाली होती. बॉनेट उघडलं. आता चामडं कुठून आणायचं म्हणून मी इकडं-तिकडं बघायला लागलो. बाबांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि माझ्या पायांच्या दिशेनं बोट केलं. “करकर वाजायलीय मघापासून. नवी दिसती.”

“कोल्हापुरी आहे बाबा.”

“डावी काढ. उजव्या पायाला ब्रेक सांभाळायचाय.”

वहिनींच्या पर्समधे ती शिवणाची कात्री निघाली. शिक्षिकेच्या पर्समधे काय नसतं. पण टाच कात्रीला ऐकेना, तेव्हा देशमुखांनी खिशातून सुपारीचा अडकित्ता काढून माझ्यापुढं धरला. हे मी त्यांचे उपकार म्हणून नोंदवून ठेवतो. माझी मिशी जायची असेल तर ती नियमानं जावी, अशा मताचा तो माणूस.

हाताला दस्ती, म्हणजे रुमाल, गुंडाळून मी सळई सुटी केली, तापलेला बुश ठोकून बाहेर काढला. बाबा सीटवरून सांगत होते. “गुळगुळीत बाजू आत. टोकं एकावर एक घेऊ नको, गाठ पडंल. तेल पाज आधी. लय ठासू नको. जरा खेळ राहू दे.” माझ्या हाताचा कंप त्या वेळी कुठं गेला कुणास ठाऊक. अंगठा लावून बघितला. केसाएवढा खेळ होता. तोच पाहिजे होता, जो सलीमभाईंनी मागितला होता आणि मी दिला नव्हता.

डावा पाय अनवाणी ठेवून मी क्लच दाबला. दांडा ओढला. पहिला गिअर पडला. लोण्यात सुरी, हे मी आधी उगाच म्हणालो होतो. ते आता खरं झालं.

बोरीपर्यंत एकदाही अडकलं नाही. मोठ्या रस्त्यावरून आत वळलो तेव्हा मालकाचं जुनं फाटक आलं. बेगमनं, शपथेवर सांगतो, आपोआप तिकडं वळायला सुरुवात केली, सवय असणार. मी स्टिअरिंग सरळ धरलं. मागून बाबा म्हणाले, “फुडं चल.” पुढं पाण्याच्या टाकीपासून उजवीकडं त्यांची गल्ली. इतकी अरुंद की दोन्हीकडच्या भिंतींना मी मनातल्या मनात नमस्कार करत गेलो. बाया दारात आल्या, पोरं पुढं पळायला लागली, कुणीतरी ओट्यावरची सायकल उचलून घरात घेतली. निळ्या दरवाजापुढं सर म्हणाले, “इथं.”

मी इंजिन बंद केलं. बाबा उतरले नाहीत. बसून राहिले, समोर बघत. आधी मला वाटलं, भरून आलं असेल. मग लक्षात आलं. पंचवीस वर्षं ज्यानं खाली उतरून, वळसा घालून मागचं दार उघडलं होतं, तो माणूस वाट बघत होता. मी उतरलो. एका पायात चप्पल, एक पाय धुळीत. वळसा घालून गेलो आणि दार उघडलं.

“हां,” बाबा म्हणाले आणि उतरले.

त्यांच्या भावाच्या सुनेनं पाणी आणलं, ओट्यावर सतरंजी टाकली. सगळी गल्ली बेगमला हात लावून बघत होती. मी कडेला उभा होतो. देशमुख आले, घसा साफ केला, मोबाईलमधला व्हिडिओ लावला. ‘माझ्या पार्टांवर’ हे शब्द त्यांनी दोनदा ऐकवले. “मिस्त्री, गाडी पोचली, मान्य. पण तुमचा पार्ट झरीच्या पुढंच काढला. पोचली ती बाबांच्या चामड्यावर.”

खरं होतं ते. मी म्हणालो, “खुर्ची मागवा.”

सर मधे पडायला लागले तर बाबांनी हात वर केला. विचारलं, “चप्पल कुनाची व्हती?”

“माझी,” मी म्हणालो.

“घातली कुनी?”

“मीच.”

“मग पार्ट कुनाचा झाला, देशमुख?”

देशमुखांनी अडकित्ता खिशात घातला. कारकून माणूस, नियमापुढं बोलत नाही.

निघायच्या आधी मी तो पितळी बुश कागदात बांधला आणि बाबांच्या हातात दिला, गिऱ्हाईकाला द्यावा तसा. जी पुडी पोर्चमधे द्यायची राहिली होती तिच्या बदल्यात. बाबांनी तो अंगठ्यानं चाचपला, आतून-बाहेरून. म्हणाले, “काम मातर झ्याक केलंय पूर्ण्याच्या मानसानं.” माझं नाव घेतलं नाही. पण पुडी रुमालाच्या सोग्यात बांधून घेतली.

बेगम आता सरांच्या पोर्चमधे असते. विटांवर नाही, चाकांवर. बाबा त्या हिवाळ्यानंतर आणखी दोन वेळा बोरीला गेले, दोन्ही वेळा मागच्या सीटवर, आणि दोन्ही वेळा माझ्या मानेला नावं ठेवत. गिअरनं एकदाही धरलं नाही.

माझ्या घरी खुंटीला उजव्या पायाची एक कोल्हापुरी लटकते, टाचेसकट, जवळजवळ नवी. शांता दर सणाला घर आवरताना ती हातात घेते आणि विचारते, “एका चपलेचं काय करायचंय? टाकू का?”

मी सांगतो, राहू दे. बेगमचा स्पेअर आहे.